सोलापूरच्या उन्हात कॅरव्हॅनच्या बॅटऱ्या: फेब्रुवारी ते जुलै, कामाच्या नोंदी

गाडी जुना टेम्पो ट्रॅव्हलर, मागचा भाग घर केलेला. स्टार्टरची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. या नोंदी घराच्या बॅटरीच्या आहेत. तिच्यावर ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन बीएलडीसी पंखे, दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल चालतात. टपावर ३३० वॅटचं एक पॅनेल आहे. फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन असतं, त्यामुळे रात्री सप्लाय गेलेला आम्हाला परवडत नाही.

४ फेब्रुवारी

दोन्ही ट्यूबलर, म्हणजे पाणी घालायच्या शिशाच्या बॅटऱ्या (प्रत्येकी १५० एएच म्हणजे अँपिअर-तास, पॅरलल), रात्रीत बसताहेत. संध्याकाळी मीटरवर १२.६ व्होल्ट असतं, फ्रिज आणि एक पंखा लावला की पहाटेच्या आत १०.८. आज चार्जिंग तोडलं, बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवल्या, नुसत्या बसू दिल्या आणि मग ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला. एकीचे सहाही सेल १.१९० ते १.२०० मध्ये. दुसरीचे पाच तसेच, पण तिसरा सेल १.१२०. ट्यूबलर पूर्ण भरली की १.२४० च्या आसपास यायला हवं. एकाच बॅटरीतल्या दोन सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक दिसला तर कमी दाखवणारा सेल गेला असं धरायचं.

बॅटऱ्या पॅरलल असल्यामुळे हा एक सेल चांगल्या बॅटरीलाही रात्रभर खाली ओढत होता. जोडलेल्या असताना मीटर दोघींचा मिळून एकच आकडा दाखवतो, त्यातून काही कळत नाही. सोडवूनच तपासा.

दुपारी गच्चीवर, झाकणं सैल करून, १५.५ व्होल्टवर इक्वलायझेशन लावलं, म्हणजे मागे पडलेले सेल वर आणायला मुद्दाम जास्तीचं चार्जिंग. पहिली बॅटरी १.२२५ पर्यंत वर आली. दुसरीचा तिसरा सेल १.१३५ च्या पुढे सरकला नाही.

८ फेब्रुवारी

पहिली वाचते का हे बघायला लोड टेस्ट. जुन्या हेडलाइटचे दोन बल्ब पॅरलल जोडले, ५५ वॅटची एकेक फिलामेंट, मिळून साधारण ९ अँपिअर. बल्ब विटेवर ठेवा, फार तापतात. दर अर्ध्या तासाला व्होल्टेज लिहीत गेले. १५० एएचची बॅटरी या लोडवर सोळा तास सहज चालायला हवी. ७ तास २० मिनिटांत ती १०.८ ला आली. म्हणजे ६६ एएच उरलेत. दोन्ही बदलायच्या.

११ फेब्रुवारी

नवीन घेण्याआधी जुन्या का गेल्या हे शोधलं, नाहीतर नवीनही त्याच वाटेनं जातील.

इंजिन चालू ठेवून, घराच्या बॅटरीत २८ अँपिअर जात असताना मोजलं. अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, मागे बॅटरीच्या टर्मिनलवर १३.४. मधले ०.८ कुठे गेले ते मल्टिमीटरनं तुकड्या-तुकड्यानं शोधलं. १० स्क्वेअर एमएमच्या प्लस वायरीत ०.३, रिले आणि फ्यूजमध्ये ०.१५, आणि बॉडी अर्थच्या गंजलेल्या एका बोल्टवर तब्बल ०.३५. आमचा बराचसा प्रवास पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असा तास-दीड तासाचा. शिशाची बॅटरी शेवटचे वीस टक्के भरायला काही तास घेते, तेही व्होल्टेज पूर्ण मिळालं तर. आमची कधी पूर्ण भरलीच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं आणि मग ते परत निघत नाही.

दुसरं कारण गरमी. बॅटऱ्या चेसिसखाली लोखंडी पिंजऱ्यात होत्या, सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर. बाहेर ठेवण्याचं कारण बरोबर होतं. पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तो हवेत चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, म्हणून झोपायच्या जागेत ती ठेवायची नसते. पण दुपारी पंढरपूरहून आल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर बॅटरीचं अंग ४७ अंश. हा फेब्रुवारी आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

परदेशी कॅरव्हॅनवाल्यांचे सल्ले वाचले की पानंच्या पानं थंडीवर असतात: शून्याखाली चार्ज करू नका, हीटर लावा. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. सोलापुरात बॅटरी निवडताना पहिला प्रश्न हा, की एप्रिल-मेच्या दुपारी ती कुठे बसणार आहे. एएच किती, हा त्यानंतरचा.

१८ फेब्रुवारी

अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजात अण्णांशी तासभर बोलणं झालं.

"ताई, ट्यूबलरच घ्या की परत. पाणी घातलं की झालं. लिथियम बिघडली तर इथं कोण उघडणार?"

"अण्णा, दोन ट्यूबलर म्हणजे एकशे दहा किलो, तेही मागच्या चाकाच्या पाठीमागं. आणि ठेवायच्या बाहेरच, त्या सायलेन्सरपाशी."

"ते हाय खरं. वजनानं पाटे बसलेत तुमचे, बघितलंय मी."

अण्णांच्या दुरुस्तीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो खराच आहे. तरी हिशेब असा पडला:

दोन ट्यूबलर ३१ हजारांत येतात. ३०० एएच, पण टिकवायच्या तर निम्म्याच वापरायच्या, म्हणजे १५०. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १०० एएचच्या दोन ५९ हजारांत, दोन्ही मिळून पंचवीस किलो. ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतात, म्हणजे १६०. वायू निघत नसल्यानं त्या गाडीच्या आत, सावलीत बसतात. माझ्यासाठी निर्णय इथे झाला.

जेल आणि एजीएम या सीलबंद शिशाच्या बॅटऱ्या पाहिल्या आणि सोडल्या. त्यांत पाणी घालायची सोय नसते. गरमीत आतला ओलावा हळूहळू उडतो आणि तो परत भरता येत नाही.

ज्यांना ट्यूबलरच ठेवायची आहे त्यांच्यासाठी: डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं किंवा आरओचं नको. पाणी चार्ज झाल्यावर टाका, आधी टाकलं तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं. आणि चार्जरला तापमानाचा प्रोब असलाच पाहिजे. २५ अंशांना १४.४ व्होल्ट बरोबर असतात, ४० अंशांना त्याच बॅटरीला १४.० च्या आसपास पुरतात. प्रोब नसेल तर उन्हाळाभर ती जास्तीचं चार्जिंग सोसते आणि पाणी भराभर उडतं.

२ मार्च

दोन लिथियम पॅक आले. जोडण्याआधी दोन्ही पूर्ण चार्ज करून त्याच बल्बांवर एकेक टेस्ट केली. पहिला ९८ एएच. दुसऱ्याच्या बीएमएसनं (पॅकच्या आतलं, त्याला जपणारं सर्किट) ८ तास ४० मिनिटांत सप्लाय तोडला, म्हणजे ७८. डब्यावर छापलेलं १०० च.

विकणाऱ्याला फोटो आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता पाठवला. आधी "वापरता वापरता वाढेल" असं उत्तर आलं. लिथियम वापरून वाढत नसते. तक्ता परत पाठवला, मग बदलून द्यायला तयार झाले. यात दोन आठवडे गेले. तक्ता नसता तर पॅक बदलून मिळाला नसता, म्हणून ही टेस्ट दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत करा.

१७ मार्च

बदली पॅक आला. ९७ एएच. चालेल.

२३ मार्च

वायरिंग. जुना रिले काढला. लिथियमचा आतला विरोध इतका कमी असतो की रिलेतून थेट जोडली तर ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना, हवा लागत नसताना, अल्टरनेटर जळू शकतो. म्हणून मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, तो करंट तेवढ्यावरच रोखतो. पुढून मागे २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, प्लस आणि मायनस दोन्ही. बॉडी अर्थवर आता काही सोपवलेलं नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना ६० अँपिअरचा फ्यूज, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्येच पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर करंट दोन्हीकडून येईल.

आजचा निम्मा दिवस लगांवर, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या तांब्याच्या टोपणांवर गेला. अण्णांच्या पोरानं पहिले चार लग छिन्नी-हातोड्यानं दाबले होते. ओढून पाहिले तर घट्ट होते. तरी एक लग हॅक्सॉनं आडवा कापला. आत तारांचा गठ्ठा एका बाजूला चेपलेला आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी पोकळी, टाचणी आरपार जाईल अशी. अण्णांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं, मग शेजारच्या पॅनेलवाल्याकडून हायड्रॉलिक क्रिंपिंगचं यंत्र मागवलं. त्यानं दाबलेला लग कापला तर आत सलग तांबं, तारा वेगळ्या ओळखूच येत नाहीत. सगळे लग परत केले. पोकळी असलेला लग महिनोन्‌महिने चालतो आणि जास्त करंटला तापतो. गाडीला आग लागायला असा एक लग पुरे.

३० मार्च

दोन्ही पॅक वेगवेगळे १४.२ पर्यंत चार्ज केले, थांबू दिले, ०.०२ व्होल्टचाच फरक आहे हे पाहिलं, मग पॅरलल जोडले. फरक जास्त असताना जोडले तर एकातून दुसऱ्यात एकदम मोठा करंट धावतो. लोडची प्लस एका पॅकवरून, मायनस दुसऱ्यावरून घेतली. दोन्ही एकाच पॅकवरून घेतल्या तर तोच जास्त राबतो.

जुना सोलर कंट्रोलर फेकला, कारणं दोन. तो साध्या, पीडब्ल्यूएम प्रकारचा होता. ३७ व्होल्टचं पॅनेल त्याला लावलं की पॅनेलचा करंट मिळतो, जास्तीचं व्होल्टेज वाया जातं. आणि तो ठरावीक दिवसांनी आपोआप इक्वलायझेशन लावायचा, ते बंद करायचं बटणच नव्हतं. १५.५ व्होल्ट आले की लिथियमचा बीएमएस दार बंद करतो. नवीन कंट्रोलर एमपीपीटी, तो जास्तीचं व्होल्टेजही कामी लावतो. त्याची सेटिंग: ॲब्सॉर्प्शन (भरताना वरचं व्होल्टेज) १४.२, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं) १३.५, इक्वलायझेशन बंद, तापमान-भरपाईही बंद.

१४ एप्रिल

नळदुर्गला मुक्काम. पहाटे चारला फ्रिजचा आवाज थांबला म्हणून जाग आली. शंट मीटर (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजून चार्ज किती उरला ते सांगणारा) ४६ टक्के दाखवतोय आणि बीएमएसनं सप्लाय तोडलेला. आईनं इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माठाला टेकवून ठेवली. उजाडल्यावर गाडी सुरू केली, डीसी-डीसीनं चार्जिंग सुरू झालं आणि सप्लाय आला.

घरी येऊन क्लॅम्प मीटर घेऊन बसले. फ्रिजची मायनस वायर शंटच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावलेली निघाली. फ्रिज जे खात होता ते शंटला दिसतच नव्हतं. सगळे मायनस शंटच्या एकाच बाजूला आणि बॅटरी दुसऱ्या बाजूला, एकही वायर वेगळी नको. लिथियमचं व्होल्टेज नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट असतं, त्यामुळे व्होल्टमीटर बघून काही समजत नाही. सगळा भरवसा शंटवर. जोडणी झाल्यावर एकेक उपकरण चालू करून शंटचा आकडा हलतो का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

५ मे

कुडल संगम, भीमा आणि सीनेचा संगम. गाडी मोकळ्या काठावर, झाड नाही. बाहेर ४२, बंद गाडीत ४९, पलंगाखालच्या बॅटरीच्या डब्यात ५१.

पावणेबाराला सोलर चार्जिंग थांबलं. पॅनेल, कंट्रोलर, फ्यूज ठीक होते. बीएमएसनं दार बंद केलं होतं. या पॅकचा बीएमएस ५० अंशांना चार्जिंग तोडतो आणि ४५ ला परत घेतो. डिस्चार्ज ६० पर्यंत चालतो, म्हणून फ्रिज चालू राहिला. पण दिवसातलं सगळ्यात कडक ऊन, ज्यासाठी पॅनेल बसवलं, ते फुकट गेलं. चारनंतर चार्जिंग परत आलं तोवर सूर्य कलला होता. संध्याकाळी ६१ टक्के. मेमध्ये आमचा दिवसाचा खर्च असा: फ्रिज ५५ एएच, पंखे ३२, बाकी सगळं १२. रात्र निघाली, पण दुसऱ्या दिवशी असंच झालं असतं तर नसती निघाली.

१२ मे

डबा उघडला. मी तो चारही बाजूंनी प्लायचा, धूळ जाऊ नये म्हणून बंद केला होता. चार्जिंगची ऊब आत कोंडते आणि शेजारच्या पत्र्यातून बाहेरची येते.

पहिला उपाय फसला. गाडीच्या तळाला भोक पाडून पंख्यानं खालून हवा घेतली. खाली तापलेला डांबरी रस्ता, हवा आतल्यापेक्षा गरम, वर धूळ. ते भोक पत्रा मारून सील केलं.

दुसरा चालला. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात झरोका असतो तशी रचना: डब्याला खाली केबिनच्या जमिनीलगत जाळी, वर विरुद्ध कोपऱ्यात १२० एमएमचे कॉम्प्युटरचे दोन पंखे, ३८ अंशांवर सुरू होणारा थर्मोस्टॅट. पत्र्याच्या आणि डब्याच्या मध्ये फॉइलचा फोम. टपाला गच्चीवर लावतात तो पांढरा उष्णतारोधक रंग दोन हात. पॅनेल टपाला चिकटून होतं, ते दोन इंच उचललं. खालून हवा खेळली की पॅनेलही कमी तापतं, आणि पॅनेल जितकं तापेल तितकी त्याची वीज घटते.

१९ मे

त्याच प्रकारच्या उन्हात परत मोजलं, बाहेर ४२. टपावरच्या खिडकीचा पंखा चालू ठेवून केबिन ४३.५, डब्यात ४४. चार्जिंग दिवसभर चालू. पॅनेलनं ९८ एएच दिले.

सावलीचा पेच मात्र राहतो. लिंबाखाली गाडी लावली तर बॅटरी आणि माणसं थंड, पण पॅनेल आंधळं. मी सावली निवडते. दीड तासाचा प्रवास डीसी-डीसीतून ४५ एएच देतो, सकाळचं तिरपं ऊन थोडं देतं. दोन दिवस एकाच जागी थांबायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उन्हात काढते आणि अकराला परत सावलीत.

२६ मे

लिथियमला गरमी आणि पूर्ण भरलेपण एकत्र सोसत नाही, तीही लवकर म्हातारी होते. म्हणून कडक उन्हाळ्यापुरतं ॲब्सॉर्प्शन १३.८ वर आणलं. भरायला वेळ जास्त लागतो, पण दिवसभर शंभर टक्क्यांवर ताणलेली राहत नाही. महिन्यातून एकदा, थंड वेळी, १४.२ पर्यंत भरते. सेल समतोल करायचं काम बीएमएस वरच्या टोकालाच करतो आणि शंटचा आकडाही तेव्हाच जाग्यावर येतो.

आज सगळ्या जोडांवर लोड चालू असताना इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. सगळे ४२ ते ४५, इन्व्हर्टरच्या प्लसचा एक ७१. नट पाऊण आटा सैल. कच्च्या रस्त्यानं निघाला असणार. टॉर्क पान्यानं आवळला, परत मोजला, ४६.

७ जुलै

पावसाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहणार. दोन बॅटऱ्या, दोन उलट नियम, आणि हे बहुतेक जण उलटंसुलटं करतात. घराची लिथियम ५५ टक्क्यांवर आणून मेन स्विच बंद केला, सोलरही तोडलं. अर्ध्या चार्जवर ती निवांत राहते. स्टार्टरची शिशाची मात्र पूर्ण भरून ठेवली, छोटा चार्जर लावून. ती १२.४ च्या खाली राहिली की सल्फेट धरते. तिच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुतली, कोरडी केली आणि व्हॅसलिन लावलं.

जुन्या दोन्ही ट्यूबलर बॅटरीवाल्याला पावतीसकट दिल्या, ७,६०० आले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हव्यात. भंगारवाल्याकडे ॲसिड गटारात ओततात, तिथे देऊ नका.

खर्च: लिथियम दोन ५९,०००, डीसी-डीसी २१,५००, एमपीपीटी ९,८००, शंट मीटर ४,२००, वायर-लग-फ्यूज-बसबार ११,३००, डबा-पंखे-फॉइल-रंग ६,४००, अण्णांची मजुरी ५,०००. एकूण १,१७,२००, जुन्यांचे वजा जाता १,०९,६००. यातले वायर, लग आणि फ्यूजचे अकरा हजार कोणी वाचवू नका, हवं तर बॅटरी एकच घ्या आणि दुसरीची जागा मोकळी ठेवा. मात्र दुसरी सहा-आठ महिन्यांच्या आत घ्या, तीही त्याच बनावटीची.

राहिलेलं काम: डब्याच्या जाळीला धुता येईल असा कापडी फिल्टर, आणि ऑक्टोबरच्या उन्हाआधी सगळे जोड परत टॉर्क पान्यानं तपासणं.